मेक्सिको सिटीत टाको आणि लुचा लिब्रेची संध्याकाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी रस्त्यावर उभं राहून टाको (तोर्तिया नावाच्या मक्याच्या छोट्या पोळीवर मांस किंवा भाजी) खायचे आणि मग मुखवटे घातलेल्या मल्लांच्या लढती, म्हणजे लुचा लिब्रे, बघायच्या, अशी गाइडसोबतची संध्याकाळ मेक्सिको सिटीत बरेच जण आयोजित करतात. बुकिंग करण्याआधी मराठी प्रवाशांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे आहेत. शाकाहारी मंडळींनी खाण्याचा भाग नीट वाचावा. निम्मे घोळ तिथेच होतात.

या संध्याकाळी नेमकं काय काय होतं?

पाच-सहा तासांचा कार्यक्रम असतो. शुक्रवारचं उदाहरण घ्या. पाच-सव्वापाचला रोमा नॉर्ते भागात भेटायचं आणि सात-साडेसातपर्यंत चालत तीन-चार ठिकाणी थोडं थोडं खायचं. मग क्वाउतेमोक हा मोठा रस्ता ओलांडून कोलोनिया दोक्तोरेस या वस्तीत शिरायचं, लढती होतात त्या अरेनाबाहेर मुखवट्यांची दुकानं बघायची आणि आठच्या आत तपासणी उरकून जागेवर बसायचं. साडेआठला पहिली लढत सुरू होते, शेवटची अकराच्या आसपास संपते. दोक्तोरेसमधल्या रस्त्यांना डॉक्टरांचीच नावं आहेत. अरेना मेहिको दोक्तोर लाविस्ता रस्त्यावर आहे.

कोणता वार निवडावा?

अरेना मेहिकोत साधारणपणे मंगळवारी साडेसातला, शुक्रवारी साडेआठला आणि रविवारी पाचला लढती असतात. शनिवारी लढती भरवणाऱ्या त्याच कंपनीचा खेळ सेंत्रोमधल्या, म्हणजे शहराच्या जुन्या मध्यभागातल्या, अरेना कोलिसेओत होतो. वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढताना पुन्हा बघा.

पहिल्यांदा जात असाल तर शुक्रवार. मोठी नावं त्या दिवशी असतात आणि गर्दीही असते, आणि गर्दीशिवाय लुचा लिब्रे अर्धीच. मुलं सोबत असतील तर रविवार. मंगळवारी प्रेक्षक कमी, तिकीट स्वस्त. शांतपणे बघणाऱ्यांना तो वार आवडतो. अरेना कोलिसेओ १९४३ची, लहान, नरसाळ्याच्या आकाराची. कुठेही बसलात तरी रिंग जवळ वाटते. पण तिच्या आजूबाजूचे रस्ते रात्री सामसूम होतात, तिथे एकट्याने जाऊ नये.

गाइड लागतोच का? स्वतःहून नाही जाता येणार?

अरेनात स्वतःहून जाता येतं. तिकीट खिडकीवर मिळतं, ऑनलाइनही मिळतं. नियम पाच मिनिटांत कळतात, ते खाली दिलेच आहेत. गाइडचे पैसे वसूल होतात ते खाण्यात: कुठल्या गाडीवर काय चांगलं, कोणत्या वेळी, कोणत्या तव्यावर कशाची चरबी आहे, ‘यात मांस नाही ना’ हे स्पॅनिशमध्ये तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी कसं विचारायचं. म्हणून गाइड निवडताना ‘लुचादोर, म्हणजे मल्ल, किती ओळखता’ हे विचारू नका. ‘आम्ही गोमांस खात नाही, मग कुठे न्याल?’ हे विचारा. उत्तर लगेच आणि जागेच्या नावासकट आलं तर माणूस कामाचा. ‘काळजी करू नका, सगळीकडे व्हेज मिळतं’ असं आलं तर दुसरा बघा.

बुकिंगच्या आधी आणखी चार गोष्टी लेखी मागा: तिकीट कोणत्या विभागातलं आहे, किती ठिकाणी खाणं धरलं आहे, पेयं त्यात आहेत का, आणि लढती संपल्यावर गाइड तुम्हाला गाडीत बसवून देणार की अरेनाच्या दारातच निरोप घेणार.

खायला काय काय असतं?

मुख्य दोन टाको: अल पास्तोर आणि सुआदेरो.

अल पास्तोर म्हणजे डुकराचं मांस. पातळ कापांना ग्वाहियो मिरची, आचिओते, व्हिनेगर आणि मसाल्यांचं लाल वाटण लावतात आणि ते उभ्या सळईवर एकावर एक रचतात. या रचलेल्या लाल ढिगाला त्रोम्पो म्हणतात. शेजारी ज्वाळ असते, त्रोम्पो फिरत राहतो, बाहेरचा थर खरपूस होतो आणि टाकेरो, म्हणजे टाको करणारा, तोच सुरीने तासून थेट तोर्तियावर घेतो. वरून कांदा, कोथिंबीर आणि त्रोम्पोच्या डोक्यावरच्या अननसाची चकती. ही पद्धत लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शवर्म्यातून आली. वाटेत पुएब्ला शहरात तिचे ‘अरबी टाको’ झाले आणि मेक्सिको सिटीत तिला मिरची आणि अननस मिळाला. सेंत्रोमधलं एल उएकीतो हे १९५९पासूनचं ठिकाण याच पदार्थासाठी ओळखलं जातं.

अल पास्तोर कुठे बिघडतो ते ओळखता येतं. ज्वाळ बंद आहे, त्रोम्पो थंड उभा आहे आणि टाकेरो आधीच कापून ठेवलेलं मांस तव्यावर परततो आहे, असं दिसलं तर पुढे चला. ते मांस वाफेवर शिजल्यासारखं लागतं, कड खरपूस होत नाही. दुपारी चार वाजता भरलेला नवा त्रोम्पो सात-आठच्या सुमारास रंगात येतो. म्हणून अल पास्तोर लढतींच्या जरा आधी आणि पोटात बाकीचं गेल्यावर खावा.

सुआदेरो गाईचं मांस आहे: पोट आणि पायाच्या मधला पातळ थर. मधोमध फुगीर आणि कडेला खोलगट असा एक मोठा गोल तवा असतो. कडेच्या खोलगट भागात चरबी उकळत असते आणि तिच्यात सुआदेरो, लोंगानिसा हा डुकराच्या मांसाचा सॉसेज, कधी आतडी, असं सगळं तासन्‌तास एकत्र शिजतं. मागणीप्रमाणे तुकडा काढून लाकडी ओंडक्यावर बारीक चिरतात. सुआदेरो आणि लोंगानिसा एकत्र घेतलं की ‘काम्पेचानो’. हा रात्रीचा पदार्थ, लढती संपल्यावर खाण्याचा.

याखेरीज निळ्या मक्याचे त्लाकोयो, वाटीतले मक्याचे दाणे म्हणजे एस्कीतेस, केसादिया म्हणजे सारण भरून दुमडलेली तोर्तिया, आणि शेवटी चुरोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोड कांड्या. सेंत्रोमध्ये असाल तर १९३५पासून चालू असलेल्या एल मोरोमध्ये गरम चॉकलेटबरोबर चुरोस खाता येतात.

किती खायचं?

टाको लहान असतो, तीन-चार घासांचा. एका ठिकाणी एकच घ्या. सगळे मिळून चार-पाच टाको, एक त्लाकोयो आणि अर्धी वाटी एस्कीतेस एवढं झालं की बहुतेकांचं पोट भरतं. पहिल्या गाडीवर तीन टाको खाणारे तिसऱ्या ठिकाणी नुसते बघत उभे राहतात, आणि सहसा तिसरं ठिकाण सगळ्यात चांगलं असतं.

गाडीवर मागवायची रीत काय?

जागा मिळेल तिथे उभं राहा आणि थेट टाकेरोला सांगा. ‘दोस दे पास्तोर, कोन तोदो’ म्हणजे दोन अल पास्तोर, कांदा-कोथिंबिरीसकट. कांदा नको तर ‘सिन सेबोया’. टाको बऱ्याचदा दुहेरी तोर्तियावर येतो. खालच्या तोर्तियात सांडलेलं गोळा करून दुसरा टाको होतो, तोही खायचाच असतो. बशीला प्लास्टिकची पिशवी चढवलेली दिसेल. धुण्याचा त्रास वाचवण्यासाठी केलेली ती सोय आहे, तिचं आश्चर्य वाटून घेऊ नका.

टाको हातात धरून आडवाच ठेवायचा आणि मान तिरकी करून खायचा. कंबरेतून जरा पुढे वाका, नाहीतर रस शर्टावर. पैसे शेवटी द्यायचे: किती खाल्ले ते तुम्हीच सांगायचं, टाकेरो विश्वास ठेवतो. रोख ठेवा, शंभर आणि पन्नास पेसोंच्या नोटा. पाचशेची नोट दिली तर सुट्यासाठी तुमच्यामुळे रांग अडेल.

आम्ही शाकाहारी आहोत. काय खाता येईल?

खाता येतं, पण अडचण मांसापेक्षा डुकराच्या चरबीची आहे. तिला मान्तेका म्हणतात. वाटलेल्या राजम्यासारख्या बीन्समध्ये ती असते, तमालेसच्या, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेल्या मक्याच्या, पिठात असते, गव्हाच्या तोर्तियात आणि बेकरीतल्या गोड पावातही असते. लोण्याला मान्तेकीया म्हणतात. नावं जवळजवळ सारखी, म्हणून ऐकण्यात चूक होते.

‘सिन कार्ने’ एवढंच सांगून भागत नाही. कार्ने म्हणजे बऱ्याच जणांच्या लेखी गाय-डुकराचं मांस, त्यात कोंबडी येत नाही, हॅमही येत नाही. पूर्ण वाक्य सांगा: ‘नो कोमो कार्ने, नि पोयो, नि हामोन, नि पेस्कादो.’ आणि मग वेगळा प्रश्न: ‘येवा मान्तेका?’ म्हणजे यात चरबी आहे का?

सगळ्यात भरवशाची गाडी कोरड्या तव्याची, जिथे बायका मक्याच्या पिठाचे गोळे थापत असतात. तिथे त्लाकोयो घ्या: निळ्या मक्याची लांबट जाड पारी, आत बीन्स, वाल किंवा रेकेसोन हे मऊ चीज, वर नोपाल म्हणजे निवडुंगाची परतलेली भाजी, कांदा, किसलेलं चीज आणि साल्सा. पारीत सहसा चरबी नसते, आतल्या बीन्समध्ये असू शकते. म्हणून वालाचा किंवा रेकेसोनचा सांगा. त्याच गाडीवर केसादिया मिळतात: भोपळ्याच्या फुलांच्या, मशरूमच्या, वित्लाकोचे म्हणजे मक्यावरच्या काळ्या बुरशीच्या. मेक्सिको सिटीत केसादिया म्हटलं की चीज येईलच असं नाही, ‘कोन केसो’ सांगावं लागतं. बाहेरगावचे मेक्सिकन लोकही यावरून शहरवाल्यांशी वाद घालतात. तव्यावरची मागा, तळलेली नको. तळणीच्या तेलात आधी काय पडलं ते सांगता येत नाही.

एस्कीतेस निरुपद्रवी दिसतात. एपासोते नावाच्या उग्र वासाच्या पाल्याबरोबर दाणे उकडतात, वर मेयोनेज, चीज, लिंबू आणि मिरचीपूड. पण काही ठिकाणी पातेल्यात कोंबडीचे पाय किंवा हाडाचा मगज घालतात, आणि मेयोनेजमध्ये अंडं असतंच. ‘सिन मायोनेसा’ सांगा आणि पातेल्यात डोकावून बघा. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट, म्हणजे दूध गोठवण्यासाठी वापरलेला पदार्थ, असू शकतं. ते चालत नसेल तर चीज वगळा.

सुआदेरोच्या गाडीवर शाकाहाऱ्याला काहीच नाही. तिथली तोर्तियासुद्धा त्याच चरबीत बुडवून गरम करतात.

आणि जैन मंडळींनी?

साल्सांत कांदा-लसूण जवळपास नेहमीच असतो. लिंबू-मिठाचा भाजलेला मका, साधी मक्याची तोर्तिया आणि कापलेली फळं एवढंच खात्रीने खाता येईल. जेवून निघा आणि फक्त लढतींचं तिकीट घ्या.

गोमांस चालत नाही, बाकी चालतं. मग काय बघायचं?

शब्द पाठ करा. ‘रेस’, ‘बिस्तेक’, ‘सुआदेरो’, ‘आराचेरा’ हे सगळं गाईचं. ‘लेंग्वा’ आणि ‘काबेसा’ म्हणजे जीभ आणि डोकं, तेही बहुतेक वेळा गाईचंच. ‘पास्तोर’, ‘कार्नितास’, ‘चोरिसो’, ‘लोंगानिसा’ डुकराचं. ‘पोयो’ कोंबडी. खरी अडचण तव्याची आहे: सुआदेरोच्या गाडीवर लोंगानिसा मागितली तरी ती त्याच चरबीत शिजलेली असते. म्हणून ज्या गाडीवर फक्त त्रोम्पो आहे तिथेच जा. डुकराचं मांसही वर्ज्य असेल तर शाकाहारी भागातलं उत्तर लागू होतं. हलाल मांस या गाड्यांवर मिळत नाही असं धरूनच चला.

तोर्तिया खाल्ली तर ग्लुटेनचा त्रास?

मक्याची तोर्तिया म्हणजे मका, पाणी आणि चुना. चुन्याच्या पाण्यात मका उकळून रात्रभर भिजवतात, साल सुटते, मग वाटतात. चुन्यामुळेच पीठ चिकटून राहतं आणि मक्यातलं नायसिन अंगाला लागतं. गहू त्यात नसतो. अल पास्तोरच्या वाटणात आणि बाटलीबंद सॉसमध्ये मात्र असू शकतो, तेव्हा सेलिअ‍ॅक असणाऱ्यांनी गाइडला आधी कळवावं.

तिखट किती?

ठेचा रोज खाणाऱ्याला लाल आर्बोल मिरचीची साल्सा जड जाणार नाही. पण दोन चुका होतात. एक, हिरवी साल्सा सौम्य समजून भरपूर घेतली जाते आणि बऱ्याच गाड्यांवर तीच जास्त झणझणीत असते. दोन, नारिंगी रंगाची आबानेरो मिरचीची साल्सा. तिचा तिखटपणा उशिरा चढतो आणि बराच वेळ उतरत नाही. आधी तोर्तियाच्या कडेला एक थेंब लावून बघा. साल्सा स्वतः घालायची असते, त्यामुळे मुलांसाठी टाको कोरडाच ठेवता येतो.

पोट बिघडेल का?

बिघडू शकतं, आणि त्यासाठी मांसाला दोष देण्याआधी साल्सा आणि कच्च्या भाज्यांकडे बघा. चरबीत उकळणारं किंवा ज्वाळेसमोर भाजणारं मांस गरम असतं. दिवसभर उघड्या भांड्यात बसलेली साल्सा, कापून ठेवलेली काकडी-मुळा, चिरलेली कोथिंबीर यांचं तसं नाही. जिथे रांग आहे तिथे भांडी लवकर रिकामी होऊन पुन्हा भरली जातात. पैसे घेणारा हात आणि मांस कापणारा हात वेगळा आहे का, तेही बघा.

नळाचं पाणी पिऊ नका, बाटली घ्या. मध्ये भोक असलेला नळकांडीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो सहसा चालतो. फोडून केलेले ओबडधोबड खडे नकोत. ओआरएसची दोन पाकिटं जवळ ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान असेल तर ही संध्याकाळ आदल्या दिवशी ठेवू नका, एवढं ऐकाच.

बिअर, मेस्काल वगैरे?

वय १८ पूर्ण हवं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, कळसूबाईच्या शिखरापेक्षा जवळपास ६०० मीटर अधिक. पहिल्या एक-दोन दिवसांत दारू लवकर चढते आणि डोकं दुखतं, तेव्हा निम्म्यावर थांबा. मिचेलादा म्हणजे लिंबू, मीठ आणि सॉस घातलेली बिअर. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवा: त्यातल्या वूस्टर सॉसमध्ये बहुधा मासे असतात, आणि क्लामातो हा टोमॅटोचा रस घातला असेल तर शिंपल्यांचा अर्क. बिनदारूचं हवं तर हामायका, म्हणजे अंबाडीच्या जातीच्या लाल फुलांचं आंबट सरबत, किंवा तांदळाचं ओर्चाता.

स्वच्छतागृहाचं काय?

गाड्यांवर नसतं. बाजारांत पैसे देऊन वापरायची असतात. दारातच घडी केलेला कागद देतात. तो कागद शौचाच्या भांड्यात टाकायचा नसतो, बाजूच्या डब्यात टाकायचा. अरेनात आहेत, पण मध्यंतरात रांग लागते.

लुचा लिब्रे म्हणजे कुस्तीच का?

आपल्या तालमीतली किंवा मातीतली कुस्ती डोळ्यांसमोर असेल तर फसगत होईल. इथे निकाल आधी ठरलेला असतो. प्रेक्षकांना ते ठाऊक असतं आणि तरी ते घसा फोडून ओरडतात. नाटक बघताना नायक खरोखर मरतो का, असं कोणी विचारत नाही.

शरीरं मात्र खरी. रिंगच्या दोरांमधून बाहेर उभ्या माणसावर डोक्याकडून झेप घेणं याला तोपे सुइसिदा म्हणतात, आणि खाली गादी नसते. २०१५मध्ये तिहुआना शहरात पेर्रो आग्वायो ज्युनिअर हा नामवंत लुचादोर लढतीदरम्यानच मरण पावला. रिंगमध्ये त्याच्यासमोर आपल्याकडच्या मुलांनाही माहीत असलेला रे मिस्टेरिओ होता.

साल्वादोर लुत्तेरोथने १९३३मध्ये सुरू केलेली कंपनी आज से-एमे-एले-एले (CMLL) या आद्याक्षरांनी ओळखली जाते. अजून चालू असलेल्या अशा कंपन्यांत ती जगात सर्वांत जुनी मानतात. अरेना मेहिको तिचीच: १९५६ची इमारत, साधारण १६,५०० जागा, १९६८च्या ऑलिंपिकमधली बॉक्सिंगही इथेच झाली. दुसरी मोठी कंपनी आआआ (AAA), १९९२ची. ती विकत घेत असल्याचं डब्ल्यूडब्ल्यूईने २०२५मध्ये जाहीर केलं. तुमचं तिकीट बहुधा पहिल्या कंपनीचं असेल. मेक्सिको सिटीने २०१८मध्ये लुचा लिब्रेला शहराचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

नियम थोडक्यात सांगा.

दोन बाजू असतात. तेक्निको म्हणजे नियमाने लढणारे, रूदो म्हणजे दांडगाई करणारे. कोण कोण ते आत येतानाच कळतं: मुलांच्या हाताला हात लावत येतो तो तेक्निको, प्रेक्षकाशी भांडत येतो तो रूदो. रूदोंचे पाठीराखे कमी नसतात, तेव्हा त्यांच्या बाजूने ओरडलात तरी चालतं.

बहुतेक लढती तिघांविरुद्ध तिघांच्या, आणि तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा संघ विजयी. खांदे टेकवून पंचाने तीन मोजले, समोरच्याने शरणागती पत्करली किंवा तो बाद ठरला, की तो मल्ल हरला. प्रत्येक संघाला कॅप्टन असतो. कॅप्टन हरला किंवा उरलेले दोघे हरले की फेरी संपते. गोंधळ उडतो तो पुढच्या नियमामुळे: आतला मल्ल रिंगबाहेर गेला की त्याचा साथीदार हाताला हात न लावताही आत येऊ शकतो. त्यामुळे डब्ल्यूडब्ल्यूई बघितलेल्यांना वाटतं की पंच झोपला आहे.

मुखवटा ओढून काढणं, कंबरेखाली मारणं आणि मार्तिनेते, म्हणजे उलटं धरून डोक्यावर आपटणं, यासाठी बाद करतात. म्हणूनच रूदो हे सगळं पंचाची पाठ फिरल्यावर करतात. ‘रेलाम्पागो’ लिहिलेली लढत एकास एक, एकाच फेरीची, १० मिनिटांची मर्यादा असलेली.

मुखवट्याचं एवढं काय?

मुखवटा हीच लुचादोरची ओळख. तो हरवण्याची एकच रीत: पैजेची लढत. मुखवट्याविरुद्ध मुखवटा, किंवा मुखवट्याविरुद्ध केस. हरणारा रिंगमध्येच मुखवटा उतरवतो आणि आपलं खरं नाव, गाव, किती वर्षं लढतो आहे ते सांगतो. केस हरणाऱ्याचं मुंडन तिथेच होतं. १९५२मध्ये एल सांतोने ब्लॅक शॅडोचा मुखवटा जिंकला ती लढत आजही सांगितली जाते. स्वतः सांतो मुखवटा कधीच हरला नाही. जानेवारी १९८४मध्ये टीव्हीवर त्याने तो क्षणभर वर सरकवला, फेब्रुवारीत तो वारला, आणि मुखवट्यासकटच त्याला पुरलं. तेव्हा बाहेर मुखवट्यातला लुचादोर भेटला तर खरं नाव विचारू नका.

पैजेच्या लढती रोज नसतात. सप्टेंबरमधल्या कंपनीच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात मोठी पैज असण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि त्याची तिकिटं लवकर संपतात.

बायकांच्या लढती असतात का?

असतात, आणि चांगल्या असतात. मेक्सिको सिटीत त्यांच्यावर बंदी होती. ती १९८६मध्ये उठली.

कुठे बसावं?

रिंगला लागून असलेल्या पहिल्या दोन रांगा सर्वांत महाग. तिथे मल्ल अंगावर पडतात, पेय सांडतं, आणि सुरक्षारक्षक ऐन वेळी उठवतात. ज्यांना हे हवं आहे त्यांनी जरूर घ्यावं. सपाट जमिनीवरच्या मागच्या रांगा मात्र टाळा, समोरच्यांची डोकीच दिसतात. उतरत्या बाकांचा खालचा भाग पहिल्या वेळेला सर्वांत चांगला: पूर्ण रिंग दिसते आणि बाहेर मारलेली झेपही. सर्वांत वरच्या ग्रादासमध्ये तिकीट स्वस्त, लढती लहान दिसतात, शिव्या मात्र उत्तम ऐकू येतात.

जागा दाखवणारा माणूस थोड्या बक्षिशीची अपेक्षा ठेवतो, १०-२० पेसो द्या. दारातल्या दलालाकडून तिकीट घेऊ नका. खोटं निघालं तर भांडायला कोणी सापडत नाही.

आत काय नेता येतं?

फोन चालतो. लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा सहसा अडवतात आणि तो ठेवायला जागा शोधत तुम्हाला रात्री रस्त्यावर फिरावं लागतं, म्हणून हॉटेलातच ठेवा. बाहेरचं खाणं आणि पाण्याच्या बाटल्या दारात काढून घेतात. पाठीवरची मोठी पिशवी नको. लेझर दिवा मुळीच नको.

मुलांना न्यावं का?

हो. शिव्या भरपूर असतात, पण स्पॅनिशमध्ये. आवाज मोठा असतो, लहानग्यांसाठी कानात घालायचे बोळे न्या. शुक्रवारी शेवटच्या लढतीपर्यंत मुलं झोपतात, म्हणून रविवार सुचवला.

मुखवटा कोणता घ्यावा, कितीला?

अरेनाबाहेरच्या दुकानांत तीन प्रतींचे मिळतात. पातळ चमकदार कापडाचा स्वस्तातला, साधारण शंभर-दोनशे पेसोंचा. आठवण म्हणून ठीक, शिवण लवकर उसवते. मधला, अस्तर असलेला. आणि मल्ल वापरतात तसा, लायक्राचा, मागे दोरीने बांधायचा, त्याला बरेच जास्त पडतात. महागडा घेणार असाल तर घालून बघा: डोळ्यांची भोकं तुमच्या डोळ्यांसमोर येतात का, नाक दबतं का. चष्मा आत बसत नाही. घासाघीस थोडी चालते, दोन घेतले तर जास्त. लढतींआधी घ्या, नंतर गर्दीत निवडता येत नाही.

लोक रिंगमध्ये पैसे का फेकतात?

लढत फार आवडली की नाणी आणि नोटा फेकून दाद देण्याची जुनी रीत आहे. मल्ल ते गोळा करून नेतात. फेकायचेच असतील तर लढत संपल्यावर आणि नोटच. वरच्या बाकांवरून नाणं फेकलं तर कुणाच्या तरी डोक्यात लागतं.

ठरावीक मल्ल दिसेलच का? मिस्तिको या लुचादोरसाठी तिकीट काढतो आहे.

त्या दिवसाची यादी कंपनी आधी जाहीर करते, ती बघून तिकीट काढा. दुखापतीमुळे ऐन वेळी नाव बदलतं आणि तेवढ्यासाठी पैसे परत मिळत नाहीत.

कपडे, पाऊस, व्हिसा?

मे ते ऑक्टोबर पावसाळा, आणि पाऊस बहुतेक संध्याकाळीच येतो. घडीचा रेनकोट न्या, छत्री दारात अडवू शकतात. रात्री गारवा असतो, हलकं जाकीट हवं. बंद बूट घाला, गाड्यांभोवतीची फरशी तेलकट असते.

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, निघण्याआधी मेक्सिकोच्या दूतावासाकडून खात्री करा. घरी व्हिडिओ कॉल लावायचा असेल तर भारत साडेअकरा तास पुढे आहे: शुक्रवारची साडेआठची पहिली लढत पुण्यात शनिवारी सकाळी आठला दिसेल.

परत कसं जायचं?

जाताना मेट्रो सोयीची: लाइन १चं क्वाउतेमोक किंवा लाइन १ आणि ३चं बाल्देरास, तिथून चालत. भाडं ५ पेसो. मुंबईच्या लोकलसारखे पुढचे काही डबे बायका आणि लहान मुलांसाठी राखीव असतात. मेट्रो मध्यरात्री बंद होते, आणि तोपर्यंत पोचता आलं तरी दोक्तोरेसच्या आतल्या रस्त्यांवरून चालत जाऊ नका. अ‍ॅपवरून गाडी मागवा, पण अरेनाच्या दारात नाही. तिथे हजारो लोक एकाच वेळी गाडी मागवत असतात, भाडं चढतं आणि चालकाला तुम्ही सापडत नाही. गर्दीबरोबरच क्वाउतेमोक रस्त्यापर्यंत या, उजेडातलं एखादं चालू दुकान बघून तो पत्ता द्या, गाडीचा नंबर जुळवा आणि मगच बसा. गाडीला वेळ असेल आणि सुआदेरो चालत असेल, तर आजूबाजूला वाफ निघणारा एखादा गोल तवा नक्की असतो.